‘द स्पेक्ट्रम’ घ्यावा का? नवी पेटी, जुने यंत्र आणि फुकटचा इम्युलेटर

ब्रिटनच्या रेट्रो गेम्स लिमिटेड या कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘द स्पेक्ट्रम’ बाजारात आणला. वरून पाहिले तर तो १९८२ सालचा झेडएक्स स्पेक्ट्रम आहे: तीच काळी बुटकी पेटी, त्याच करड्या रबरी कळा आणि उजव्या कोपऱ्यात तोच चौरंगी पट्टा. आत मात्र जुन्या यंत्रातला एकही भाग नाही. एक छोटा आधुनिक प्रोसेसर जुन्या यंत्राचे सोंग वठवतो आणि चित्र एचडीएमआय केबलमधून टीव्हीवर येते. इंग्लंडमध्ये त्याची किंमत सुमारे ९० पौंड आहे. तिथून येणाऱ्या नातेवाइकाच्या सामानातून तो माझ्याकडे आला आणि तेव्हापासून तो मूळ ४८के स्पेक्ट्रम आणि लॅपटॉपवरचा फ्यूज हा इम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राचे सोंग वठवणारे सॉफ्टवेअर, यांच्या शेजारी मांडलेला आहे. तिन्ही आलटून पालटून वापरल्यावर जे मत झाले, ते येथे मांडतो.

ज्यांनी हे यंत्र पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने २३ एप्रिल १९८२ रोजी झेडएक्स स्पेक्ट्रम जाहीर केला. १६ किलोबाइट स्मृतीचा संगणक १२५ पौंडांना आणि ४८ किलोबाइटचा १७५ पौंडांना मिळत असे. त्या काळात रंगीत चित्र दाखवणारा संगणक इतक्या स्वस्तात मिळणे ही मोठी गोष्ट होती. आत ३.५ मेगाहर्ट्झवर चालणारा झेड८०ए प्रोसेसर, चित्र सांभाळणारी फेरांटी कंपनीची यूएलए चिप, पडदा म्हणून घरातला टीव्ही आणि साठवणीसाठी घरातलाच टेपरेकॉर्डर, एवढाच त्याचा संसार होता. आपल्याकडे ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने परवाना घेऊन त्याचा पुढचा अवतार, कडक प्लास्टिकच्या कळांचा स्पेक्ट्रम प्लस, विकला. त्यामुळे आज पन्नाशीत असलेल्या काही मराठी वाचकांची संगणकाशी पहिली ओळख याच यंत्रावर झाली असेल. इतरांनी १९८४ मध्ये सुरू झालेल्या ‘क्लास’ या सरकारी प्रकल्पातून शाळेत आलेला बीबीसी मायक्रो हाताळला असेल. तो अधिक दणकट आणि अधिक गंभीर संगणक होता, पण त्याच्याविषयी पुन्हा केव्हातरी.

नव्या पेटीत सर्वप्रथम कळा तपासाव्यात, कारण या संगणकाचे वेगळेपण तिथेच आहे. स्पेक्ट्रमवर बेसिक या प्रोग्रॅमिंगच्या भाषेचे शब्द अक्षर अक्षर टाइप करायचे नसतात. ओळीच्या आरंभी पी दाबला की ‘प्रिंट’ हा पूर्ण शब्द उमटतो, जे दाबला की ‘लोड’, ओ दाबला की ‘पोक’. कमी वापराचे शब्द काढायचे असतील तर कॅप्स शिफ्ट आणि सिंबॉल शिफ्ट एकदम दाबून विस्तारित अवस्थेत जावे लागते. तिथे ए म्हणजे ‘रीड’, डी म्हणजे ‘डेटा’ आणि एल म्हणजे ‘यूएसआर’. चाळीस कळांपैकी एकेकीवर पाच-सहा अर्थ छापलेले असतात, काही पांढऱ्या, काही लाल, काही हिरव्या अक्षरांत. पहिल्या तासाभरात हा प्रकार डोके उठवतो. त्यानंतर बोटांना वाट सापडते आणि मग लांबलचक ओळसुद्धा थोड्याच कळांत लिहून होते. ‘द स्पेक्ट्रम’ने ही संपूर्ण छपाई जशीच्या तशी ठेवली आहे, आणि रबराखालची यंत्रणा मूळ यंत्रापेक्षा अधिक खात्रीची वाटते. जुन्या यंत्रावर कळ दाबली गेली की नाही, हे पडद्याकडे पाहूनच कळते. येथे ते बोटाला कळते.

याची एक कसोटी मी मुद्दाम घेतली. स्पेक्ट्रमवर वापरकर्त्याला स्वतःची २१ चिन्हे तयार करता येतात. प्रत्येक चिन्ह आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकटीत बसते आणि प्रत्येक आडव्या रांगेसाठी एक आकडा द्यायचा असतो. त्यात देवनागरी बसवण्याचा मोह मराठी माणसाला होणारच. ‘न’ हे अक्षर २५५, ४, ४, १२४, १००, ४, ४, ० या आठ आकड्यांत उतरते: २५५ म्हणजे सगळे ठिपके पेटलेली शिरोरेघ, ४ म्हणजे उजवीकडची उभी दांडी, आणि मधले १२४ व १०० मिळून दांडीकडून डावीकडे जाणारी आडवी रेघ व तिच्या टोकाची गाठ. चौकटी एकमेकींना खेटून असल्यामुळे शेजारच्या अक्षरांची शिरोरेघ आपोआप जुळते आणि ‘नमन’सारखा शब्द चटकन देखणा दिसतो. अडचण येते ती मात्रा आणि वेलांटीपाशी, कारण रेघेच्या वर जागाच उरत नाही. त्यासाठी वरच्या ओळीतली चौकट वापरावी लागते आणि वरच्या २२ ओळींच्या छापण्याच्या जागेत देवनागरीच्या जेमतेम ११ ओळी मावतात. शिवाय २१ चिन्हांत बाराखडी सोडाच, नुसती व्यंजनेही पुरी होत नाहीत. हा सगळा खटाटोप नव्या पेटीवर बसल्या बैठकीत पार पडला. फ्यूजवर हाच कार्यक्रम लिहिताना दर दुसऱ्या शब्दाला ‘यूएसआर’ कुठे आणि ‘बिन’ कुठे हे कळफलकाचे चित्र उघडून शोधावे लागले, कारण लॅपटॉपच्या कळांवर यातले काहीच छापलेले नसते. बेसिक लिहिण्यासाठी स्पेक्ट्रमकडे परतणाऱ्याने पेटीचे पैसे केवळ कळफलकासाठी द्यावेत, आणि ते वसूल होतात, असे माझे मत आहे.

खेळांच्या बाबतीत मात्र मी एवढा उदार नाही. पेटीत ४८ खेळ आधीपासून भरलेले आहेत. मॅनिक मायनर, द हॉबिट, हेड ओव्हर हील्स यांसारखी नावाजलेली नावे त्यांत आहेत आणि यादीतून निवडताच खेळ सुरू होतो. प्रत्येक खेळाची चार ठिकाणची अवस्था जपून ठेवता येते आणि चूक झाली तर ४० सेकंदांपर्यंत मागे जाता येते. ही मागे जाण्याची सोय माझ्यासारख्या मंदावलेल्या हातांना वरदान आहे, हे नाकारत नाही. पण मॅनिक मायनरमध्ये एका उडीसाठी सगळा डाव पणाला लावण्यात जी धाकधूक होती, ती या सोयीने निघून जाते. बाकीचे खेळ यूएसबी पेनड्राइव्हवरून चालवता येतात, त्यामुळे ४८ हा आकडा फारसा मनावर घेण्याचे कारण नाही. जॉयस्टिक खोक्यात येत नाही. वीजपुरवठ्यासाठी यूएसबी-सी केबल मिळते, पण भिंतीत लावायचा चार्जर आपला आपण शोधायचा. ९० पौंडांच्या वस्तूत ही काटकसर खटकते, जरी घरोघरी मोबाइलचे चार्जर पडून असले तरी.

चित्राविषयी एक तांत्रिक गोष्ट समजून घेणे आवश्यक आहे. स्पेक्ट्रमचा पडदा २५६ बाय १९२ ठिपक्यांचा आहे, पण रंग ठिपक्याला नसून आठ बाय आठच्या प्रत्येक चौकटीला मिळतात: एक अक्षराचा, एक पार्श्वभूमीचा. चित्रासाठी ६१४४ बाइट आणि रंगांसाठी फक्त ७६८ बाइट, असा तो हिशेब आहे. त्यामुळे खेळातला पिवळा माणूस हिरव्या भिंतीजवळून गेला की भिंतीचा तुकडा पिवळा होतो किंवा माणूस हिरवा. स्मृती वाचवण्यासाठी केलेली ही तडजोड पुढे या यंत्राची ओळखच होऊन बसली आणि चांगल्या खेळकर्त्यांनी एकरंगी दृश्ये रचून तिला बगल दिली. नव्या पेटीत आणि फ्यूजमध्ये ही रंगांची सांडलवंड अचूक दिसते. पेटीत जुन्या काचेच्या टीव्हीसारखे आडव्या रेघांचे चित्र दाखवण्याचीही सोय आहे, आणि ती सुरू ठेवावी असे मी सुचवेन, कारण स्वच्छ एलसीडी पडद्यावर हे ठिपके फरशीसारखे ठसठशीत दिसतात.

त्याहून महत्त्वाचा आहे वेग. मूळ यंत्र सेकंदाला पन्नासच्या किंचित वर चित्रे रंगवते, कारण ब्रिटिश टीव्ही ५० हर्ट्झचा होता. आपलाही तसाच होता. लॅपटॉपचा पडदा मात्र बहुधा ६० हर्ट्झवर चालतो. त्यामुळे फ्यूजवर आडवे सरकणारे चित्र मधूनमधून हिसका देते आणि दोष इम्युलेटरचा आहे असे वाटत राहते. ‘द स्पेक्ट्रम’ ५० हर्ट्झचे चित्र पाठवू शकतो आणि दिवाणखान्यातला बहुतेक टीव्ही ते मुकाट्याने स्वीकारतो. टीव्हीवर ‘गेम मोड’ सुरू करायला विसरू नये. तो बंद असेल तर टीव्ही चित्रावर स्वतःचे संस्कार करत बसतो, कळ दाबणे आणि उडी मारणे यांत जाणवण्याइतके अंतर पडते आणि बोल पेटीला लागतो.

आता मूळ यंत्राकडे वळू. सुरुवातीलाच सांगतो की जुना स्पेक्ट्रम विकत घेणे म्हणजे संगणक विकत घेणे नव्हे, दुरुस्तीचे काम विकत घेणे होय. माझ्याकडचे यंत्र ‘चालू स्थितीत’ या वर्णनावर परदेशातील एका विक्रेत्याकडून घेतले आणि ते आले तेव्हा पडद्यावर काळ्यापांढऱ्या उभ्या पट्ट्यांखेरीज काही नव्हते. वाहतुकीत बिघडले की आधीपासूनच तसे होते, हा वाद घालण्यात अर्थ नव्हता. अशा यंत्रात काय काय बिघडू शकते, ते मात्र नीट माहीत असावे.

सर्वांत आधी अडॅप्टर. स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट लागतात, पण त्याच्या पिनेचे मधले टोक ऋण असते. आपल्याकडच्या बहुतेक अडॅप्टरांचे मधले टोक धन असते, आणि ड्रॉवरमधला कुठलाही ९ व्होल्टचा अडॅप्टर उत्साहाने खुपसला तर यंत्राचे कायमचे नुकसान होऊ शकते. मल्टिमीटर लावून पाहिल्याशिवाय काहीही जोडू नये. मूळ ब्रिटिश अडॅप्टर आपल्या २३० व्होल्टवर चालतो. फक्त त्याच्या चौकोनी पिनांसाठी कन्व्हर्टर लागतो. मात्र चाळीस वर्षांच्या जुन्या ट्रान्सफॉर्मरवर विसंबण्यापेक्षा योग्य ध्रुवतेचा नवा अडॅप्टर घेणे शहाणपणाचे.

त्यानंतर स्मृती. ४८के यंत्रातल्या खालच्या १६ किलोबाइटच्या ४११६ या चिपांना तीन वेगवेगळे व्होल्टेज लागतात: अधिक ५, अधिक १२ आणि उणे ५. हे व्होल्टेज तयार करण्यासाठी आत एक छोटी कॉइल आणि दोन ट्रान्झिस्टर यांचे मंडल आहे. त्यातला टीआर४ गेला की व्होल्टेज ढासळतात आणि बघता बघता एकामागून एक ४११६ चिपा बळी पडतात. म्हणून उभ्या पट्ट्या दिसल्या की लगेच चिप बदलायला धावू नये. आधी तिन्ही व्होल्टेज मोजावेत. मूळ कारण तसेच ठेवून नव्या चिपा बसवल्या तर त्याही जातात. टीआर४, इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आणि ७८०५ हा रेग्युलेटर, एवढे बदलल्यावर माझे यंत्र ‘१९८२ सिंक्लेअर रिसर्च लिमिटेड’ ही ओळ दाखवू लागले. कपॅसिटर आणि ७८०५ पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किरकोळ किमतीत मिळतात. ४११६ आणि यूएलए यांच्यासाठी परदेशाकडेच पाहावे लागते. ७८०५च्या जागी हल्लीचे स्विचिंग मॉड्यूल बसवले तर यंत्र खूपच कमी तापते. मूळ रेग्युलेटर आणि त्याचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा उन्हाळ्यात चटका देण्याइतका तापत असे.

मग कळफलक. रबरी गादीखाली चांदीच्या वाहक रेषा छापलेल्या प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्यांचे मेंब्रेन असते. त्यातून निघालेल्या दोन पट्ट्या, एक पाच रेषांची आणि एक आठ रेषांची, मदरबोर्डवरच्या खाचांत बसतात; पाच गुणिले आठ म्हणजे चाळीस कळा. वय झालेल्या पट्ट्या वाळक्या पानासारख्या कडक होतात आणि पेटी उघडतानाच तडकतात. कळांची एखादी आख्खी ओळ मेली तर कारण बहुधा हेच असते. समाधानाची गोष्ट अशी की नवी मेंब्रेन आजही तयार होतात आणि सहज मिळतात.

राहिले टीव्हीला जोडणे. मूळ यंत्र यूएचएफच्या ३६ क्रमांकाच्या चॅनेलवर प्रक्षेपण करते आणि आजच्या टीव्हीवर ते शोधणे ही डोकेदुखी आहे. प्रक्षेपणाचा सिग्नल बनवणाऱ्या मॉड्युलेटरला वळसा घालून कॉम्पोझिट सिग्नल थेट बाहेर काढण्याची दुरुस्ती सोपी आहे. ती केली की टीव्हीच्या पिवळ्या जॅकमध्ये चित्र मिळते. ते फार सुरेख नसते, पण पुरेसे असते.

हा सगळा उपद्व्याप करून मूळ यंत्र देते काय, जे इम्युलेटर देत नाही? कार्यक्रमांच्या बाबतीत जवळजवळ काहीच नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. यूएलए आणि प्रोसेसर यांची खालच्या १६ किलोबाइटसाठी चालणारी ओढाताण, तिच्यामुळे प्रोसेसरला क्षणभर थांबावे लागणे, त्या थांब्यांच्या हिशेबावर बेतलेल्या पडद्याच्या कडेवरच्या रंगीत करामती, हे सारे फ्यूजसारखे इम्युलेटर आज बारकाईने वठवतात. मूळ यंत्राचे खरे देणे टेपमध्ये आहे. मोबाइलच्या हेडफोन जॅकमधून ‘इअर’ या खाचेत वायर जोडावी, आवाज पूर्ण मोठा ठेवावा आणि जुनी कॅसेट ध्वनीच्या रूपात वाजवावी. आधी एकसुरी शिट्टी येते आणि पडद्याच्या कडेला लाल व आकाशी पट्टे सावकाश हलतात. मग खरखर सुरू होते आणि पट्टे निळे-पिवळे होऊन थरथरू लागतात. सुरुवातीचे चित्र वरून खाली सरळ उतरत नाही. पडद्याचे तीन भाग एकामागून एक, रेघा सोडून सोडून भरत जातात आणि रंग सर्वांत शेवटी चढतात. सेकंदाला साधारण दीड हजार बिट या वेगाने ४८ किलोबाइटचा खेळ भरायला चार-पाच मिनिटे लागतात, आणि चौथ्या मिनिटाला ‘टेप लोडिंग एरर’ आला तर पुन्हा पहिल्यापासून. फ्यूजमध्येही हे सगळे खऱ्या वेगाने पाहता येते, पण तिथे घाई करण्याची कळ हाताशी असल्यामुळे कोणी पाहत नाही. ज्याला टेपचा कंटाळा आहे, पण यंत्र मूळच हवे आहे, त्याने मागच्या जोडणीत डिव्हएमएमसी हा इंटरफेस लावून एसडी कार्डवरून खेळ भरावेत.

याच मागच्या जोडणीवरून ‘द स्पेक्ट्रम’विषयीची माझी मुख्य तक्रार निघते. मूळ यंत्राच्या पाठीवर प्रोसेसरच्या सगळ्या तारा बाहेर काढणारी उघडी जोडणी होती. तिच्यावर लोकांनी प्रिंटर, जॉयस्टिक, रिले, थर्मामीटर, काय वाटेल ते जोडले. नव्या पेटीत ती नाही, आणि ‘इअर’ची खाचही नाही. म्हणजे सोल्डरिंगची आवड असलेल्या माणसाला ही पेटी दुधाची तहान ताकावर भागवल्यासारखी वाटेल. त्याच्यासाठी बदलत्या अंतर्गत रचनेच्या एफपीजीए चिपवर आधारलेला स्पेक्ट्रम नेक्स्ट हा वेगळा आणि महागडा मार्ग आहे. तो मी वापरलेला नसल्यामुळे त्याविषयी मत देत नाही.

फ्यूजबद्दल थोडक्यात सांगायचे तर तो मुक्त आहे, फुकट आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स या सर्वांवर चालतो. स्पेक्ट्रमचा मूळ रॉम, म्हणजे यंत्रात कायमचे कोरलेले सॉफ्टवेअर, त्याच्यासोबत वाटला जातो आणि त्यात काही चोरटेपणा नाही: १९८६ मध्ये सिंक्लेअरचा संगणक व्यवसाय विकत घेणाऱ्या अ‍ॅमस्ट्रॅडने १९९९ मध्ये, हक्क स्वतःकडे ठेवून, इम्युलेटरसोबत रॉम देण्याची परवानगी दिली. ही सवलत खेळांना आपोआप लागू होत नाही, कारण त्यांचे हक्क ज्याच्या त्याच्याकडे आहेत आणि काही प्रकाशकांनी मोफत वाटपाला स्पष्ट नकार दिलेला आहे. फाइल घेताना शक्य तेव्हा टीझेडएक्स प्रकारची घ्यावी. साध्या टॅप फाइलमध्ये फक्त नेहमीच्या पद्धतीचे ठोकळे साठवतात, तर टीझेडएक्समध्ये टेपवरचे स्पंद नोंदवलेले असल्यामुळे स्वतःची वेगळी भरण्याची पद्धत आणि चोरीविरोधी युक्त्या वापरणारे खेळही चालतात.

पेटी घ्यायची की नाही, हे ज्याच्या त्याच्या कारणावर अवलंबून आहे. केवळ जुने खेळ पुन्हा एकदा पाहायचे असतील तर एक पैसाही खर्च करू नये. फ्यूज उतरवून घ्यावा आणि एक साधा यूएसबी गेमपॅड जोडावा. घरातल्या दहा-बारा वर्षांच्या मुलाला संगणकाला थेट आज्ञा देण्याची गंमत दाखवायची असेल, किंवा स्वतःलाच बेसिकचे दोनचार कार्यक्रम पुन्हा लिहायचे असतील, तर ‘द स्पेक्ट्रम’ घ्यावा. पेटी चालू होताच यादी दाखवते; यादीतून बेसिकमध्ये जावे आणि खेळांचा विषय पहिल्या दिवशी काढूच नये. ‘पोक २३६०९,१००’ ही ओळ देऊन कळांची मुळातली क्षीण टिकटिक लांबवली की मुलांना फार मजा वाटते, आणि एका आकड्याने यंत्राचे वागणे बदलता येते हे न सांगता समजते. मूळ यंत्र मात्र मल्टिमीटर वापरता येत असेल तरच घ्यावे, ‘चालू स्थितीत’ या शब्दांना किंमत देऊ नये आणि विक्रेत्याकडे पडद्याचा फोटो मागताना कळफलकाच्या प्रत्येक ओळीतले एक अक्षर टाइप करून दाखवायला सांगावे. इंग्लंडहून टपालाने मागवल्यास टपालखर्च आणि आयातशुल्क मिळून वस्तूची किंमत बरीच वाढते, तेव्हा कोणी ओळखीचे येणार असेल तर थांबणे परवडते.